वीसची शिशी

माझ्या मामाला सगळे फेसमामा म्हणायचे. त्याच्या वयाची माणसं, त्याच्याहून म्हातारी माणसं, पोलीस, पोस्टमन, शाळेच्या मुख्याध्यापिका, झाडून सगळे. तो डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. ही जमात आता संपली. आता औषध पाकिटातून येतं आणि पाकीट फोडायला अक्कल लागत नाही. तेव्हा डॉक्टर कागदावर चार रेघोट्या ओढायचे आणि लाकडी खिडकीपलीकडे मामा त्यांचं औषध करायचा. डॉक्टरांचं ते अक्षर फक्त मामाला आणि देवाला वाचता यायचं, आणि देवही अधूनमधून मामालाच विचारत असावा.

गुडघे फोडून आलेल्या पोरांची मलमपट्टीही मामाकडेच असायची. तो कापसाचा बोळा पेरॉक्साइडमध्ये बुडवून जखमेवर टेकवायचा. पांढरा फेस फसफसून वर यायचा आणि पोर भोकाड पसरायच्या बेतात असतानाच मामा म्हणायचा, "बघ, बघ, जखम दात घासतेय. तिचं झालं की गप्प बसेल." रडायचं सोडून पोर वाकून बघत राहायचं. त्यावरून फेसमामा.

माप घेताना मामा गुडघ्यांत वाकायचा. काचेचा मापाचा पेला टेबलावर ठेवायचा आणि डोळे बरोबर रेघेच्या उंचीला आणून बघायचा. ही सवय इतकी हाडात मुरली होती की घरी चहा ओततानासुद्धा तो ओट्यापुढे वाकायचा आणि तिन्ही कप सारखे भरलेत का ते पाहायचा. मामी म्हणायची, "अहो, चहा आहे तो, जुलाबाचं औषध नाही." मामा म्हणायचा, "माप ते माप." तीस वर्षांत त्याच्या हातून एक शिशी चुकली नव्हती. हे तो स्वतः कधी बोलायचा नाही. डॉक्टर मात्र येईल त्याला सांगायचे, आणि तेव्हा मामा खिडकीआड उगाच बुचं मोजत बसायचा. मला बाहेरच्या बाकावरूनही त्याचे कान लाल झालेले दिसायचे.

मी त्यांच्याकडे आले तेव्हा बारा वर्षांची होते. आई जाऊन चार महिने झाले होते. वडील बोगदे खणणाऱ्या मशीनवर होते. आज या डोंगरात, उद्या त्या. मुक्काम पत्र्याच्या खोलीत. ते मला मामाच्या दारात सोडून म्हणाले, "एक वर्ष राहू दे. मग बघू." जिना उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुणाला त्रास द्यायचा नाही. तक्रार आली तर मी येऊन तुला घेऊन जाईन. वसतिगृह बघून ठेवलंय." ते बहुतेक धीर द्यायला म्हणाले असतील. मला मात्र ती धमकी वाटली, आणि ते 'मग बघू' वर्षभर माझ्या मानेवर बसून राहिलं.

त्यामुळे मी त्या घरात पाहुणीसारखी वागायचे. दार लावताना कडीचा आवाज होऊ द्यायचा नाही. जेवण पुरतं गिळायच्या आत ताट घासून ठेवायचं. दुसऱ्यांदा काही मागायचं नाही. मामाला 'अहो मामा' म्हणायचं. तो वैतागायचा. "अगं, मी तुझ्या आईचा धाकटा भाऊ आहे. तुझा साहेब नाही. 'ए मामा' म्हण." मी हो म्हणायचे, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा 'अहो'.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, आणि गॅलरी बंद करून केलेलं स्वयंपाकघर. खाली छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला टेबल, त्यावर ताटाएवढ्या दोन चकत्यांचा टेपरेकॉर्डर, आणि खिडकीवर पडद्याऐवजी जाड घोंगडी. ते मामीचं कामाचं ठिकाण. अंधांच्या वाचनालयासाठी ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. रोज अकरा ते एक. बोलताना तिचा आवाज अगदी साधा, जरा घोगराच होता. पण पुस्तक हातात घेतलं की त्यात कुठून तरी उजेड यायचा. वाचायच्या आधी ती बांगड्या काढून ठेवायची आणि आंबटसर सफरचंदाची फोड खायची, म्हणजे तोंडात चिकट आवाज होत नाहीत. त्या दोन तासांत घरात शिंकायचीसुद्धा बंदी. शिंकायचं असेल तर जिन्यात जाऊन.

आणि समोरच्या भिंतीला माशांची टाकी.

ती मूळची दवाखान्यातली. पोरांचं मन रमावं म्हणून डॉक्टरांनी हौसेने आणली आणि पाणी बदलायची वेळ आल्यावर त्यांची हौस फिटली. मामाने ती हातगाडीवरून घरी आणली. मी आले तेव्हा तिच्यात चार सोनेरी मासे होते. सगळ्यांत मोठ्याचं नाव हेडमास्तर, कारण तो टाकीला दोन फेऱ्या मारायचा आणि मग काचेशी थांबून एकटक आपल्याकडे बघायचा. दोन लालसर मासे कायम एकमेकींच्या अंगावर आणि कायम भांडत, म्हणून त्या दोघी जावा. चौथा इकडून तिकडे धावत असायचा, तो पोस्टमन. नावं मामीची. मासे खरं तर मामापेक्षा तिचेच होते. वाचताना एखादं वाक्य साधलं की ती वळून आधी हेडमास्तरांकडे बघायची.

भानगड अशी होती की टाकीत हवा सोडणारा एक पंप होता आणि तो दिवसभर गुणगुणायचा. एकदा मामीला एक टाइप केलेलं पत्र आलं. पाठवणारे गृहस्थ अंध होते, टेलिफोन ऑपरेटर होते. पत्र मामीने इतक्या वेळा वाचून दाखवलं की मला अजून तोंडपाठ आहे. 'बाई, आपला आवाज फार गोड आहे. पण आपल्या पुस्तकात एक माशी आहे. ती पहिल्या प्रकरणापासून आहे. वाळवंटात होती, कोर्टात होती, आणि काल नायिका मेली तेव्हाही होती. तिला कृपया बाहेर काढावे.'

मामीने त्या दिवसापासून वाचताना पंप बंद ठेवायला सुरुवात केली. थंडीत निभावलं. उन्हाळा लागला तसे तासाभरात चारही मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासायला लागले. मामीचं लक्ष पुस्तकावरून उडायचं. ती अर्ध्या पानात थांबून पंप लावायची आणि कपाळाला आठ्या घालून बसायची. एकदा रागाने मामाला म्हणाली, "तुम्हीच सांगा आता. मासे का मी?" मामा म्हणाला, "विचार करायला दोन दिवस दे." मामी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

यातून सोडवलं एका बोटीवरच्या माणसाने. तो बोटीवर वायरलेस सांभाळायचा. त्याच्या पायाची एक चिघळलेली जखम मामाने दीड महिना रोज धुतली होती. पुढच्या सफरीवरून परतताना त्याने पायमोज्यात गुंडाळून एक वस्तू आणली. काचेचं लिंबाएवढं भांडं, ते बसेल असा चिनीमातीचा पेला, आणि चणे असावेत तशा दोन-तीन भाजक्या मातीच्या गोट्या. वीज नाही, वायर नाही, आवाज नाही. काचेच्या भांड्यात पेरॉक्साइड भरायचं, एक गोटी टाकायची, वर पेला बसवायचा, उलटं करायचं आणि टाकीच्या तळाशी ठेवून द्यायचं. गोटीच्या स्पर्शाने पेरॉक्साइड फुटतं, त्यातला प्राणवायू सुटतो, तो थोडं थोडं पेरॉक्साइड बाहेर ढकलतो, आणि बाहेर पडता पडता पेल्याची माती त्याचंही पाणी आणि प्राणवायू करून टाकते. म्हणजे जखमेवर जे फसफसतं तेच, पण सावकाश, तीन आठवडे पुरेल असं.

पहिल्यांदा ते पाण्यात ठेवलं तेव्हा मामा टाकीपुढे गुडघ्यांत वाकून बसला. मोहरीच्या दाण्याहून बारीक बुडबुडे एकेक करून वर येऊ लागले. मामीने कानाला हेडफोन लावले, टेपरेकॉर्डर सुरू केला आणि बराच वेळ डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "गेली माशी." मामाला इतका आनंद झाला की त्याने मलाही टाळी द्यायला लावली. त्या वस्तूचं नाव मामीने ठेवलं कंपाउंडर. कोपऱ्यात गप्प बसतो आणि मोजून डोस देतो, म्हणून.

कंपाउंडर भरायचं काम दर तिसऱ्या रविवारी असे, आणि मामाने ते मला दिलं. शिशी तो दवाखान्यातून आणायचा. मी माप घ्यायचे, तेही गुडघ्यांत वाकून. मामा मागे उभा राहून फक्त म्हणायचा, "रेघ बघ. घाई नको." त्या घरातलं ते पहिलं काम जे माझं होतं. मी नसते तर ते अडलं असतं, असं मला वाटायचं. म्हणजे अडलं वगैरे काही नसतं, पण मला वाटायचं, आणि तेवढ्यानेही मी आठवडाभर जरा ऐसपैस बसायचे.

मामा त्या औषधाला नेहमी 'वीसचं' म्हणायचा. "वीसचं संपलं", "वीसचं आणतो". दवाखान्यातल्या कागदांवरही तो नुसतं '२०' लिहायचा. का, ते मी कधी विचारलं नाही. दुसऱ्यांदा काही मागायचं नाही, तसंच काही विचारायचंही नाही, हा माझा नियम होता.

वर्ष संपायला महिनाभर उरला असताना मामाचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. इस्पितळात दोन आठवडे. दवाखान्यात त्याच्या जागी कुणी नव्हतं, तेव्हा डॉक्टरांनी कुलूप लावलं आणि तेही गावाला गेले. इकडे मामीला पाठ्यपुस्तकाचं काम आलं होतं. अंध मुलांची परीक्षा तोंडावर होती, त्यांना भौतिकशास्त्राचं अख्खं पुस्तक वाचून हवं होतं. आणि तिकडे टाकीतला कंपाउंडर रिकामा झाला.

मी इस्पितळात गेले तेव्हा मामाने उशीखालचा कागद काढून चिठ्ठी लिहून दिली. 'पेरॉक्साइड २०, एक शिशी.' म्हणाला, "कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे दे. त्याला कळेल. एकच गोटी टाक." आणि वर, "जमेल ना?" मी म्हटलं, "हो." वडील पुढच्या पंधरवड्यात येणार होते. मला सगळं जमायला हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरचं दुकान बंद. दारावर पाटी, 'घरगुती कारणामुळे बंद'. घरी हेडमास्तर वर तोंड करून श्वास घेत होते. परत जाऊन मामीला सांगायला हवं होतं. पण मला शाबासकी हवी होती. मी दोन गल्ल्या ओलांडून रसायनांच्या दुकानात गेले. शाळांच्या प्रयोगशाळांना आणि कापड रंगवणाऱ्यांना माल पुरवणारं ते मोठं दुकान. गल्ल्यावरच्या माणसाचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला होता.

मी म्हटलं, "पेरॉक्साइड द्या. वीसचं."

"व्हॉल्यूम की टक्के?" त्याने विचारलं.

आता इथे मला जे वाटलं ते फक्त आमच्याच घरातल्या मुलीला वाटू शकतं. आमच्याकडे व्हॉल्यूम म्हणजे टेपरेकॉर्डरचं बटण. मामी दिवसातून दहादा म्हणायची, व्हॉल्यूम वाढव, व्हॉल्यूम कमी कर. पेरॉक्साइडला कसला आलाय आवाज? मला वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. लहान मुलगी बघून शेंडी लावतोय. गणितात मी वर्गात पहिली होते. मी ताठ मानेने म्हटलं, "टक्के."

"कडक असतं हं ते. कशाला हवंय?"

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

हे तीन शब्द. मला काहीही माहीत नव्हतं. विचारलं असतं तर त्या भल्या माणसाने दोन मिनिटांत समजावून सांगितलं असतं. पण 'मला माहीत नाही' असं म्हणायची मला त्या वर्षी भीती वाटायची. ज्याला माहीत नसतं त्याला वसतिगृहात पाठवतात, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

शाळेत जायच्या आधी मी कंपाउंडर भरला. रेघ बघितली, घाई केली नाही. चार थेंब बोटांवर सांडले. मुंग्या चावाव्यात तशी आग झाली आणि बघता बघता दोन बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडली. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. मी बोटांना शाई फासली, भांडं टाकीत ठेवलं आणि दप्तर उचलून निघाले. मामी घोंगडी ओढून, हेडफोन लावून टाकीकडे पाठ करून बसली होती.

पुढचं मामीने सांगितलं. ती प्रकाशाच्या धड्यावर होती. एक परिच्छेद संपवून श्वास घ्यायला थांबली, तर टेपरेकॉर्डरचा आवाज मोजणारा काटा थरथरत होता. ती गप्प आणि काटा मात्र बोलतोय. आधी तिला वाटलं मशीन बिघडलं. मग हेडफोन काढले आणि वळून पाहिलं. टाकीतलं पाणी सोड्यासारखं उसळत होतं आणि भांडं आडवं पडलं होतं. तिने पळीने ते बाहेर काढलं, बादल्या भरभरून पाणी बदललं. तोवर फार उशीर झाला होता.

मी शाळेतून आले तेव्हा खोलीभर ओल होती आणि मामी बाह्या वर करून जमिनीवर बसली होती. चार मासे तिने पांढऱ्या रुमालावर ओळीने ठेवले होते. "गेले गं सगळे," ती म्हणाली. मग शिशी माझ्यासमोर धरून म्हणाली, "यावर वीस टक्के लिहिलंय. यांनी काय सांगितलं होतं?"

मी चिठ्ठी तिच्या हातात दिली. "वीसच लिहिलंय," मी म्हटलं. वाक्य खरं होतं. आयुष्यात मी बोललेलं सगळ्यांत खोटं वाक्य तेच.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला मामी चिठ्ठी आणि शिशी घेऊन इस्पितळात गेली. मी मागोमाग. नेमके डॉक्टरही त्याच दिवशी गावाहून परतून मामाला बघायला आले होते. मामी कधी आवाज चढवायची नाही. त्या दिवशी शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. "तीस वर्षं लोकांची मापं केलीत. घरातल्या चार जिवांचं माप नाही जमलं?"

मामाने चिठ्ठी बघितली. शिशी उजेडात धरून लेबल वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताकडे पाहिलं. घामाने शाई निघाली होती आणि दोन पांढरी टोकं स्पष्ट दिसत होती. मी हात मागे घेतला.

"माझीच चूक," मामा म्हणाला. "नुसतं वीस लिहिलं. कुणीही टक्केच समजेल. पोरीने लिहिलं तसं आणलं."

डॉक्टर हसले. "काय फेसमामा, तुम्हीसुद्धा?"

मामाही हसला. त्याचे कान लाल झाले नाहीत, पांढरे पडले. माझा जीव मात्र भांड्यात पडला होता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला मासे आठवले नाहीत, मामाही आठवला नाही. मी वाचले, एवढंच.

घरी आल्यावर आठवड्याभराने मामा पहिल्यांदा जिना उतरला तो ती उरलेली शिशी परत करायला. मी खिडकीतली घोंगडी बाजूला करून बघत उभी राहिले. आता दुकानदार सांगणार. चष्मा वर करून म्हणणार, मी विचारलं होतं हो, पोरगी म्हणाली, माहीत आहे मला. मामा तासाभराने परत आला. एका हाताने पोट धरून, पायरी पायरीवर थांबत. मामीने विचारलं, "काय म्हणाला?"

"काय म्हणणार? ठेवून घेतली."

मग त्याने मला टेबलाशी बसवलं. "तुला एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहूनच गेली. आपलं वीसचं म्हणजे वीस व्हॉल्यूम. एक शिशी औषधातून वीस शिश्या वायू निघतो, म्हणून वीस. टक्क्यांत ते जेमतेम सहा भरतं. तुझ्या शिशीत त्याच्या तिपटीहून जास्त होतं. तेव्हा आकडा कधी एकटा सोडायचा नाही. त्याच्यापुढे त्याचं आडनाव लिहायचं. वीस कोण? कुठले? विचारायचं. विचारायला लाजायचं नाही."

तेव्हा सांगता आलं असतं. तो माझ्याकडे बघत बसला होता, घाईत नव्हता. मी वहीत 'आकड्याचं आडनाव' असं लिहून खाली रेघ मारली.

चार दिवसांनी वडील आले. चहा झाला. मामीच्या मनात माशांचं दुःख ताजं होतं, ती रिकाम्या टाकीकडे बघत बसली होती. वडिलांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, "मग? त्रास वगैरे काही दिला का हिने?"

"छे," मामा म्हणाला. "वर्षभरात घरात एक चूक झाली, ती माझी. ही इथेच राहू दे. आम्हाला सवय झालीय."

वडील एकटेच गेले. जिन्यात त्यांनी मला जवळ घेतलं, त्यांना वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं, ते मला दोन्ही कळलं. मी वर आले आणि दारातूनच म्हटलं, "ए मामा, दार लावू का?" मामीने मान वर करून पाहिलं. मामा म्हणाला, "लाव की. जोरात लाव."

मग दवाखाना पुन्हा सुरू झाला. एका दुपारी मी मामाचा डबा घेऊन गेले आणि बाकावर बसून राहिले. मामाने शिशी भरली, वाकून माप बघितलं, बूच लावलं. आणि खिडकीतून रोग्याला द्यायच्या ऐवजी ती हातात धरून डॉक्टरांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. डॉक्टर कुणाशी तरी बोलत होते. मामा थांबला. बोलणं संपल्यावर डॉक्टरांनी शिशी उजेडात धरली, कागदाशी ताडून पाहिली आणि मान डोलावली. मगच ती खिडकीतून बाहेर गेली. प्रत्येक शिशीला हेच. डॉक्टर म्हणाले, "फेसमामांना आता आम्ही डोळ्यांत तेल घालून तपासतो बरं का!" बाकावरचे रोगी हसले. मामाही हसला.

गंमत म्हणून सुरू झालेली ती तपासणी पुढे तेरा वर्षं चालली, मामा निवृत्त होईपर्यंत. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांना कधी उमगलंच नाही. मामा टेबलाशी उभा असलेला बघितला की मला माझी इतकी लाज वाटायची की मी डबा बाकावर ठेवून पळ काढायचे. शाळा संपेपर्यंत ठरवत होते, आज सांगू, उद्या सांगू. जितका उशीर होतो तितकं तोंड जड होतं.

टाकी सहा महिने रिकामी राहिली. मग मामीच एका दुपारी पिशवीतून तीन मासे घेऊन आली. त्यांना तिने नावं दिली नाहीत. कंपाउंडर पुन्हा तळाशी बसला, आणि दर तिसऱ्या रविवारी मामा पुन्हा माझ्या मागे उभा राहायला लागला. "रेघ बघ. घाई नको." एकदाही त्याने शिशीचं लेबल माझ्या आधी वाचून बघितलं नाही. पेरॉक्साइड आणायलाही मलाच पाठवायचा.

मी मोठी झाले. भूमापन खात्यात लागले. नकाशे तपासते. आकड्यापुढे एकक नसलं की कागद परत पाठवते, त्यामुळे कचेरीत मला फारसं कुणी चहाला बोलवत नाही. मामीची मशीनं बदलत गेली. ताटाएवढ्या चकत्या जाऊन कॅसेटी आल्या, मग त्याही गेल्या. तिचा आवाज शेवटी शेवटी कापायचा, तरी ते टेलिफोनवाले गृहस्थ दुसऱ्या कुणाचं पुस्तक ऐकायला तयार नसत. डॉक्टर गेले. दवाखान्याच्या जागी आता किल्ल्या करून देणारा बसतो.

मामाच्या शेवटच्या वर्षातली ही गोष्ट. आता त्यालाही जाऊन चार वर्षं झाली. त्याचे हात थरथरायचे, म्हणून कंपाउंडर भरायला मी रविवारी जायचे. मामी आत झोपली होती. मी माप घेतलं, गोटी टाकली, पेला बसवला, आणि भांडं पाण्यात सोडता सोडता, काहीही ठरवलेलं नसताना, बोलून गेले. "मामा, त्या दुकानदाराने मला विचारलं होतं. व्हॉल्यूम की टक्के. कडक असतं, हेही सांगितलं होतं. मी म्हटलं, माहीत आहे. चूक तुझी नव्हती. माझी होती."

मामा खुर्चीत बसून बुडबुडे बघत होता. त्याने मान वळवली नाही. दुकानदार काय म्हणाला होता, असं त्याने विचारलं नाही. कधी, कुठे, कसं, काही नाही.

"गप्प बस," तो म्हणाला. "त्रेचाळीस वर्षांत माझ्या हातून एकच चूक झाली. तीसुद्धा आता तू घेऊन जाणार?"

मला रडू फुटलं. मी ओल्या हातांनी त्याचे गुडघे धरले आणि म्हटलं, "नाही नेत. ठेव तुझ्याकडे."

"ठेवलीच आहे," मामा म्हणाला. "तिच्यामुळे तू राहिलीस ना."